रजिस्टर उघडलं तेव्हा: मंडळी वाढ उपसमितीतली आमची दोन वर्षं

मागच्या आठवड्यात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ‘मंडळी वाढ उपसमिती’ची फाईल मी नव्या निमंत्रकाच्या हातात दिली. दोन वर्षं ती माझ्याकडे होती. सुरुवात केली तेव्हा हात कुठून घालायचा हेच कळत नव्हतं, शोधायला गेलं की एकतर हजारोंच्या मंडळ्यांच्या यशाच्या गोष्टी मिळायच्या नाहीतर मॅनेजमेंटचे तक्ते, आणि रविवारी जेमतेम सत्तर माणसं येणाऱ्या मंडळीने यातलं काय घ्यायचं हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते. तुमच्याही मंडळीत असली उपसमिती नेमली गेली असेल आणि तुमचं नाव त्यात घातलं गेलं असेल तर थोडा धीर येईल.

सुरुवात नोव्हेंबरमधल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झाली. सेक्रेटरींनी अहवाल वाचला, सभासद यादीवर २१२ नावं, रविवारची सरासरी हजेरी ७२. दरवर्षी वाचतात तसंच वाचलं आणि पुढच्या मुद्द्याकडे निघाले, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मग बाकीचे १४० कुठं आहेत?” कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्यातूनच पाच जणांची उपसमिती नेमायचा ठराव झाला. मी ऑफिसमध्ये नव्या सेवा सुरू करणाऱ्या टीममध्ये काम करते, म्हणून नावीन्य, नेतृत्व वगैरे हिला कळतं असं गृहीत धरून निमंत्रक मला केलं. घरी आले तेव्हा पोटात गोळा आला होता, कारण ऑफिसमध्ये प्रयोग फसला तर एक सेवा बंद होते, इथे लोकांची श्रद्धा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नाती आहेत.

पहिल्या मीटिंगमध्ये आम्ही तेच केलं जे बहुतेक जण करतात, कल्पनांची यादी. प्रोजेक्टर, थेट प्रक्षेपण, नवीन साऊंड सिस्टीम, तरुणांसाठी गिटारची उपासना. दीड तासात तेवीस कल्पना झाल्या आणि सगळ्यांना फार बरं वाटलं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, शांत बसले होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, “उत्तरं भरपूर झाली, पण प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. पुढच्या वेळी येताना प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय वाचून या.”

बायबलमधल्या त्या अध्यायाकडे नंतर येतेच. आधी रजिस्टरांचं सांगते, कारण सगळं तिथूनच बदललं.

रजिस्टरांतून काय मोजायचं ते आम्हाला डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांच्याकडून मिळालं, त्यांचं नाव मला तोवर माहीत नव्हतं. १८९७ साली दमोहला, मिशनरी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा माणूस भारतातच अनेक वर्षं काम करत होता, आणि एवढी मेहनत असूनही काही मंडळ्या वाढतात आणि काही तिथेच राहतात ते का, या प्रश्नाने त्यांना सोडलं नाही. १९५५ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि आज ज्याला ‘चर्च ग्रोथ’ म्हणतात तो विचार तिथून पसरला. त्यांनी वाढीचे तीन प्रकार सांगितले: सभासदांच्या घरात मुलं जन्मली म्हणून झालेली, दुसऱ्या मंडळीतून लोक आले म्हणून झालेली, आणि जी माणसं आधी कुठल्याच मंडळीत नव्हती ती विश्वासात आली म्हणून झालेली. त्यांचं सगळंच आम्हाला पटलं नाही. एकाच समाजाची, एकाच भाषेची माणसं एकत्र असली की मंडळी लवकर वाढते हे त्यांचं निरीक्षण असेलही, पण त्यालाच धोरण बनवायचं नाही हे आम्ही पहिल्याच महिन्यात मिनिट्समध्ये लिहून ठेवलं. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात ख्रिस्ताने माणसामाणसांतली मधली भिंत पाडली असं लिहिलंय, ती सोयीसाठी आम्ही परत बांधणार नव्हतो. तीन प्रकारांची मोजणी मात्र आम्ही उचलली.

डिसेंबर-जानेवारीचे सहा शनिवार त्यात गेले. बाप्तिस्मा रजिस्टर, विवाह रजिस्टर, दफनाची नोंद, एका मंडळीतून दुसरीत जाताना दिली जाणारी आलेली-गेलेली बदलीपत्रं, सगळं समोर ठेवून दहा वर्षांचा हिशोब मांडला. एक सूचना, रजिस्टर घरी नेऊ नका, कितीही मोह झाला तरी. कमिटीची लेखी परवानगी घ्या, ऑफिसमध्येच बसा, दोघं मिळून बसा आणि फोन नंबर, पत्ते असलेला तक्ता व्हॉट्सअॅपवर टाकू नका. परवानगीचं पत्र मिळायलाच आम्हाला तीन आठवडे लागले, कारण कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच, आणि पहिल्या मीटिंगला कोरम भरला नाही.

हिशोब असा निघाला. दहा वर्षांत यादीवर नवीन नावं ६३, त्यातली ३८ आपल्याच घरातली मुलं, २१ बदलीने आलेली आणि कुठल्याही मंडळीत नसलेली फक्त ४. ते पाहून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. दुसरी बाजू त्याहून जड होती. मृत्यू २६, बदलीपत्र घेऊन गेलेले १९, आणि ३३ नावं अशी की ज्यांची कुठल्याच रजिस्टरमध्ये ‘गेली’ अशी नोंद नव्हती. ती माणसं कुठे गेली नव्हती. त्यांनी यायचं थांबवलं होतं, एवढंच. ही ३३ नावं आम्हाला कागदात सापडलीच नसती, तीन वयस्कर सभासदांना बसवून यादी मोठ्याने वाचली तेव्हा एकेक नावापाशी “अरे हो, हा दिसत नाही बरेच दिवस” असं येत गेलं. घरी आले आणि त्या रात्री मी रडले, कारण त्यातली दोघं माझ्या संडे स्कूलच्या वर्गातली होती आणि ती येत नाहीत हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांत आम्ही चाळीस भेटी घ्यायच्या ठरवल्या. ऑफिसमधली एक शिस्त इथे फार उपयोगी पडली, ती म्हणजे उपाय सुचवण्याआधी माणसाचं ऐकून घेणं, आणि ऐकताना विकायला काहीही बरोबर न नेणं. दोघा-दोघांनी जायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त लिहायचं, पाऊण तासात निघायचं. प्रश्न तीनच. मंडळीत तुम्हाला सगळ्यात आपलेपणा कधी वाटला? सगळ्यात एकटं कधी वाटलं? सध्या आयुष्यात कशाचं ओझं आहे? ‘तुम्ही का येत नाही’ हा प्रश्न आम्ही मुद्दाम ठेवला नाही, तो विचारला की माणूस सफाई द्यायला लागतो. ३३ पैकी १४ जण भेटायला तयार झाले, बाकीच्यांमध्ये नियमित येणारे १२, नवीन आलेले ८ आणि किशोरवयातली ६ मुलं. मुलांशी बोलताना आईवडिलांची परवानगी आणि दोन मोठी माणसं हजर, हा नियम एकदाही मोडला नाही.

उपासना जुनाट आहे, गाणी संथ आहेत असं ऐकायला मिळेल अशी आमची तयारी होती, ते फार थोड्यांनी म्हटलं. यायचं थांबवलेल्यांपैकी बहुतेकांच्या बोलण्यात एक गोष्ट फिरून फिरून आली, आम्ही यायचं बंद केलं आणि कुणी फोनही केला नाही. एका बाईने सांगितलं, नवरा होता तोवर आम्हा दोघांना सगळीकडे बोलावत, तो गेल्यावर पहिले तीन महिने लोक आले, मग मला कुठलं कामच कुणी सांगेना, सांत्वन करायचे पण काम सांगायचे नाहीत. एक तरुण बाप म्हणाला, माझी शिफ्ट रविवारी दुपारी संपते, तुमची उपासना तोवर संपलेली असते, मी विश्वास सोडला नाही हो, वेळ जुळत नाही. आणि नव्याने आलेल्या एका मुलाचं वाक्य मी फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: “आशीर्वाद झाल्यावरची दहा मिनिटं मला सगळ्यात लांब वाटतात, सगळे आपापल्या माणसांशी बोलत असतात.”

ईस्टरनंतर आम्ही सगळ्या नोंदी भिंतीवर लावल्या आणि गट पाडले. इथे नेतृत्वाचे अभ्यासक रोनाल्ड हायफेट्झ यांनी केलेला एक फरक कामाला आला. काही अडचणी तांत्रिक असतात, त्यांचं उत्तर कुणाला तरी माहीत असतं, पैसे किंवा कौशल्य आणलं की सुटतात. काही अडचणी अशा असतात की त्यात माणसांनाच आपली सवय, आपली निष्ठा, आपली जागा थोडी बदलावी लागते, आणि त्यात काहीतरी गमवावं लागतं. मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचत नाही ही पहिल्या प्रकारची अडचण, स्पीकरची दिशा बदलली आणि झालं. आशीर्वादानंतर नवीन माणूस एकटा उभा राहतो ही दुसऱ्या प्रकारची, कारण त्यासाठी आपल्या आठवडाभराने भेटलेल्या मैत्रिणीशी बोलणं सोडून मला त्याच्याकडे जावं लागतं. आमच्या तेवीस कल्पनांपैकी जवळजवळ सगळ्या पहिल्या प्रकारच्या होत्या.

आता कृत्ये सहा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात हयगय होते अशी कुरकुर झाली, प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पाळकसाहेबांनी आम्हाला नावं वाचायला लावली. स्तेफन, फिलिप्प आणि पुढची पाच, सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातात वाटप दिलेलं दिसतं. आणि लगेच सातव्या वचनात लिहिलंय की देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला आणि शिष्यांची संख्या फार वाढली. नेतृत्वाबद्दल मी ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये जेवढं ऐकलंय त्यात याच्याइतकं धाडसी काही नाही. आम्ही त्याच संध्याकाळी ठरवलं की उपसमितीत तिघं वाढवायचे आणि ते त्या चौदा जणांतून घ्यायचे. ती विधवा बाई आणि तो शिफ्टवाला बाप दोघंही हो म्हणाले, तिसऱ्याने नकार दिला, त्याची जागा आम्ही रिकामीच ठेवली.

मेमध्ये प्रस्ताव लिहिला. तीन छोटे प्रयोग, प्रत्येकी बारा आठवडे, मग थांबून सगळ्यांसमोर विचार. ही मुदतीची कल्पना एव्हरेट रॉजर्स यांच्या कामातून आली. नवीन गोष्ट समाजात कशी पसरते यावर त्यांनी १९६२ मध्ये लिहिलं, त्यातली टक्केवारी पुष्कळांना माहीत असते, २.५ टक्के लोक सगळ्यात आधी उडी मारतात, १३.५ टक्के त्यांच्या मागून, मग ३४ आणि ३४, आणि शेवटचे १६. मंडळीतल्या माणसांवर मात्र ही लेबलं चिकटवू नका, कुणाला ‘शेवटच्या १६ मधले’ म्हटलं की ते कानावर जातंच, आणि तीच माणसं कित्येकदा पहाटे उठून तुमच्यासाठी प्रार्थना करत असतात. उपयोगी आहेत ते त्यांचे पाच प्रश्न: यात आधीपेक्षा काय बरं होईल, आपल्या मूल्यांशी जुळतं का, समजायला सोपं आहे का, थोडं करून पाहता येतं का, आणि परिणाम इतरांना दिसतो का. ‘करून पाहता येतं’ हा शब्द प्रस्तावात घातल्याबरोबर अर्धा विरोध मावळला. कायमचं बदलतंय या भीतीने लोक नाही म्हणतात, बारा आठवडे म्हटलं की ऐकून घेतात.

तरी मंजुरीला एकूण अकरा आठवडे लागले. आधी कमिटी, मग खजिनदारांचा शेरा, मग वरच्या कार्यालयाकडे प्रत. पहिल्यांदा प्रस्ताव परत आला, दोन कारणांनी: घरोघरी होणाऱ्या गटांत मुलं असतील तर त्यांच्या सुरक्षिततेचा नियम लिहिलेला नाही, आणि खर्चाला जबाबदार कोण त्याचं नाव नाही. तेव्हा मला खूप चीड आली होती, पण दोन्ही हरकती योग्य होत्या. तुम्ही हे दोन मुद्दे पहिल्याच मसुद्यात घाला, दीड महिना वाचेल. खर्च आम्ही वार्षिक बजेटच्या तीन टक्क्यांवर बांधून घेतला होता, प्रत्यक्षात दोनच टक्के लागला. खरा खर्च वेळेचा झाला, आठवड्याला माझे सहा-सात तास.

ऑगस्टमध्ये प्रयोग सुरू झाले. पहिला, रविवारी संध्याकाळी चाळीस मिनिटांची उपासना, शिफ्टवाल्यांसाठी. दुसरा, आठवड्यामध्ये घरोघरी जमून बायबल वाचायचे दहा-बारा जणांचे गट. तिसरा, आशीर्वादानंतरची दहा मिनिटं फक्त अनोळखी माणसाशी बोलायचं, त्यासाठी आठ जणांनी वचन दिलं होतं.

संध्याकाळची उपासना चालली नाही. पहिल्या रविवारी १९ जण, आठव्या आठवड्यात ६, त्यात आम्हीच चौघं. तो तरुण बाप स्वतः म्हणाला, ताई, बंद करूया, मला उपासनेपेक्षा माणसं हवी होती, ती गटात मिळाली. शेवटच्या रविवारी आम्ही जे आले त्यांची नावं घेऊन आभारप्रार्थना केली आणि पुढच्या रविवारच्या सूचनांमध्ये ‘हा प्रयोग पूर्ण झाला, पुढे चालू राहणार नाही’ असं सरळ वाचलं. मंडळीत गोष्टी हळूहळू विझत जातात, त्या बंद केल्या असं कुणी म्हणत नाही, आणि मग पुढच्या वेळी लोक विश्वास ठेवत नाहीत. हे वाचून दाखवणं मला सगळ्यात अवघड गेलं, पण नंतर दोन वयस्कर काका मुद्दाम येऊन हात हातात घेऊन गेले.

गटांबद्दल मात्र सांगायला बरंच आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांची १७४२ मधली गोष्ट मी पहिल्या तयारीच्या मीटिंगला सांगितली होती. ब्रिस्टलमध्ये इमारतीचं कर्ज फेडायचं होतं, तेव्हा ठरलं की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि एकेका जबाबदार माणसाने आपल्या वाट्याच्या बारा जणांकडून ती गोळा करावी. ती माणसं पेनी गोळा करायला दारोदार गेली तर घराघरांतली खरी परिस्थिती त्यांना कळायला लागली, आणि वेस्लींच्या लक्षात आलं की आपल्याला हवी होती ती काळजी घ्यायची व्यवस्था हीच आहे. पुढे मेथडिस्ट मंडळ्यांचा कणा झालेले ‘क्लास’ असे हिशोबाच्या सोयीतून जन्मले. आम्ही चार गट केले. एक सहाव्या आठवड्यात मोडला, चालवणारा माणूस वचन उत्तम सांगायचा पण दुसऱ्याला बोलू द्यायचा नाही, आणि हे आम्ही त्याला वेळेवर प्रेमाने सांगितलं नाही, ती चूक आमची. बाकी तीन टिकले. त्यातला एक त्या विधवा बाईंचा. त्यांनी तिसऱ्या आठवड्यातच विचारलं की आपण नुसतं वाचत बसायचं का, आणि ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झालाय अशा घरी जायला सुरुवात केली, सभासद असो नसो. फक्त बसायचं, लागेल ती मदत करायची, आणि घरच्यांनी सांगितलं तरच प्रार्थना करायची. मदतीबरोबर कुठलीही अट, कुठलंही आमंत्रण जोडायचं नाही हा नियम त्यांनीच घातला. आमच्या कुठल्याच कागदावर ही कल्पना नव्हती.

ऑक्टोबरमध्ये एक फार दुखरा प्रसंग झाला. गटांना जागा हवी म्हणून आम्ही मागच्या खोलीतलं कोयरचं कपाट हलवलं. कोयरमध्ये चाळीस वर्षं गाणाऱ्या एका आजोबांनी दुसऱ्या दिवशी कमिटीला पत्र दिलं आणि दोन रविवार ते आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, “कपाट हलवल्याचं काही नाही ग बाळ, त्यात माझ्या बायकोच्या हाताने लिहिलेल्या गाण्यांच्या वह्या आहेत, एकदा विचारायचं होतंस.” मी माफी मागितली, पुढच्या रविवारी उपासनेच्या सूचनांच्या वेळी सगळ्यांसमोर पुन्हा मागितली. त्यानंतर काहीही हलवण्याआधी ‘यात कुणाचं काय गमावतंय’ असा एक रकाना आमच्या प्रत्येक प्रस्तावात असतो.

दुसरं वर्ष बाहेरून पाहणाऱ्याला रिकामं वाटेल, नवीन असं काहीच सुरू केलं नाही. माणसं तयार करण्यातच ते गेलं. बायबलमधल्या निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो मोशेला सांगतो की तू एकटा थकून जाशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. पाळकसाहेब खरंच थकले होते, आठवड्याच्या सगळ्या भेटी तेच करायचे. आम्ही सहा जणांना वर्षभर बरोबर घेतलं: आधी त्यांनी बघायचं, मग बरोबर करायचं, मग त्यांनी करायचं आणि आम्ही बघायचं, मग आम्ही घरी थांबायचं. शेवटची पायरी आम्हालाच जड गेली. काम दिलं की त्याबरोबर निर्णयही द्या, भेटीसाठी लागणारा प्रवासखर्च मंजूर करायला दर वेळी कमिटीकडे यावं लागत असेल तर ते काम दिलेलंच नाही.

मोजायचं काय यावर बराच वाद झाला. हजेरी मोजणं सोपं, पण अमेरिकेतल्या विलो क्रीक या मोठ्या मंडळीने २००७ मध्ये स्वतःच्याच लोकांचा अभ्यास मांडून मान्य केलं होतं की कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरचं आणि माणसांवरचं प्रेम वाढतंच असं नाही. नेतृत्वावर लिहिणारे रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये सेवक-पुढाऱ्याची कसोटी सांगितली, ज्यांची सेवा केली ती माणसं वाढतात का, ती स्वतः सेवा करू लागतात का. त्यावरून आम्ही तीन आकडे ठरवले. सलग दोन रविवार न दिसलेल्यांपैकी किती जणांना फोन गेला. नवीन माणसाला सहा महिन्यांनी मंडळीतली किमान तीन नावं माहीत आहेत का. आणि एखादी तरी जबाबदारी असलेली माणसं किती. शेवटचा आकडा सुरुवातीला २१ होता.

या नोव्हेंबरच्या सभेत मी अहवाल वाचला. रविवारची सरासरी हजेरी ७२ वरून ८९. त्या ३३ पैकी ९ जण परत येतात. जबाबदारी असलेली माणसं ४७. दोन वर्षांत सहा प्रौढांनी स्वतःहून विचारून बाप्तिस्मा घेतला, त्यातले चार शोकाच्या काळात त्या बाईंच्या गटाला पहिल्यांदा भेटलेले. बंद झालेली संध्याकाळची उपासना, मोडलेला गट आणि कपाटाचा प्रसंगही अहवालात होता, तो वगळावा असं एकाने सुचवलं होतं, आजोबांनीच सांगितलं, राहू दे.

वाचून झाल्यावर तिसऱ्या बाकावरच्या आजी परत उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, “अजून चोवीस राहिले ना?” मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, “मग नावं वाच.” आम्ही बसून ती चोवीस नावं वाचली, प्रत्येक नावापाशी थोडं थांबून. सभा संपल्यावर नवा निमंत्रक, जो त्या दहा मिनिटांत एकटा उभा राहायचा तोच मुलगा, माझ्याकडे आला आणि विचारलं की रजिस्टरची खोली शनिवारी किती वाजता उघडते.